खिडकीखालचा वाफा

काकू तिथे गेल्या त्या बागेसाठी नव्हे. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बाकीच्यांना कळायला जवळजवळ वर्ष जावं लागलं.

काकू चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसते का ते बघायचं, कानामागची दांडी गरम करून हलकेच वाकवायची, निसटलेले स्क्रू बसवायचे आणि म्हाताऱ्या माणसांच्या हातात छापील कागद देऊन "हं, आता वाचा बरं" म्हणायचं. दुकानात येणारी पोरंटोरं त्यांना काकू म्हणायची, मग मालकही म्हणायला लागले, आणि हळूहळू त्या सगळ्या गल्लीच्या काकू झाल्या. वयाने त्यांच्याहून थोरल्या बायकाही त्यांना काकूच म्हणत, आणि त्याचं त्यांना हसू यायचं.

काकूंचे यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. कुठली नळी कुठल्या रस्त्याखालून जाते, कुठे वळते, कुठे मोठ्या नळीला मिळते, हे त्यांना घरात बसून सांगता यायचं. माणूस अबोल. इतका अबोल की शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे भांडण झालं तरी आम्हाला कळणार कसं हो?" काकू म्हणायच्या, "आम्हालाच कळत नाही, तर तुम्हाला कुठून कळणार!" एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. घरात दोघंच. दोन माणसांचा स्वयंपाक, दोन माणसांचं धुणं, संध्याकाळी बाल्कनीत दोन खुर्च्या.

यजमानांना वाचनाचा नाद होता. नोकरीत असतानाच ते दर रविवारी अध्ययनगृहात जायला लागले होते. शहराच्या कडेला एका जुन्या वखारीच्या आवारात हे धर्मग्रंथ शिकण्याचं ठिकाण होतं. खाली प्रवचनाची मोठी खोली, वर वाचनालय, पलीकडे निवासी विद्यार्थ्यांच्या खोल्या. विद्यार्थी म्हणजे काही सगळी कोवळी मुलं नव्हती. घरदार सोडून उरलेलं आयुष्य ग्रंथांत घालवायला आलेली पिकल्या केसांची माणसंही त्यांत होती.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी, एका सकाळी चहा पिताना, यजमानांनी कप खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"मला तिथे राहायला जावंसं वाटतंय," ते म्हणाले.

"किती दिवस?"

"दिवस नाही गं. कायमचं."

काकू कपाळावर हात मारून हसणार होत्या, पण त्यांनी यजमानांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसू जागच्या जागी विरलं. त्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे त्यांनी त्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं. लग्नात नाही, लेक झाली तेव्हा नाही.

"तुझी संमती असेल तरच," यजमान म्हणाले. "तिथल्या आचार्यांचा तसा नियमच आहे. घरच्या माणसाचं मन मोडून आलेल्याला ते ठेवून घेत नाहीत."

काकू बराच वेळ ओट्यावरचं पाणी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघा. तुम्हाला बरं वाटत असेल तर."

एवढंच. पुढे अजून काहीतरी बोलायचं होतं, पण यजमान तोवर उठले होते. दारापाशी थांबून "तू मोठ्या मनाची आहेस" असं म्हणाले आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल शोधू लागले. ते स्टूलही काकूंनीच आणून दिलं.

लेक फोनवर कडाडली. "आई, तू हो म्हणालीसच कशी?"

"अगं, दुसरी बाई असती तर चार माणसं माझ्या बाजूने उभी राहिली असती. इथे समोर देव आहे. देवाशी कोण भांडणार?"

महिन्यातून एकदा भेटीचा दिवस असायचा. भेटीच्या खोलीत दोन खुर्च्या, एक खिडकी, आणि दार उघडं ठेवायचं असा रिवाज. यजमान स्वच्छ कपड्यांत येऊन बसायचे. ते बारीक झाले होते, पण रंग उजळला होता. गीझर दुरुस्त झाला का, लेकीचा फोन येतो का, असं विचारायचे. काकू म्हणायच्या, "तुमची तब्येत?" ते म्हणायचे, "उत्तम." हे "उत्तम" काकूंच्या जिव्हारी लागायचं. बरी आहे म्हणाले असते तरी चाललं असतं. माझ्यावाचून उत्तम? घरी येताना बसमध्ये त्या तो शब्द मनातल्या मनात उलटापालटा करत राहायच्या. आजूबाजूच्या बायका मात्र कौतुक करायच्या, "धन्य आहे हो तुमची." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

एका रविवारी काकू सगळ्यांसाठीच्या प्रवचनाला जाऊन मागे बसल्या होत्या. आचार्य म्हातारे, काटकुळे, पण गमत्ये होते. प्रवचन संपवताना म्हणाले, "माणूस मातीतून आला, हे आपण इथे रोज वाचतो. पण आमच्या मागच्या अंगणातली माती बघितली, तर माणूस म्हणेल, छे, छे, मी काही या मातीतला नव्हे!" लोक हसले. "आमच्या विद्यार्थ्यांना अभ्यासातून सवड नाही. बाहेरच्या मंडळींपैकी कोणी तिथे बाग करायचं अंगावर घेईल का?"

मागचं अंगण म्हणजे वाचनालयाच्या खिडक्यांखालची जागा. काकूंच्या डोक्यात एवढं एकच आलं आणि त्यांचा हात वर गेला. आयुष्यात त्यांनी बाल्कनीतल्या चार कुंड्यांपलीकडे काही लावलं नव्हतं, आणि त्यातल्याही दोन कायम वाळलेल्या असत.

पण हात वर गेला म्हटल्यावर मागे कसा घ्यायचा? पुढच्या रविवारी प्रवचनानंतर त्यांनी इच्छुकांना थांबायला सांगितलं. बऱ्यापैकी माणसं थांबली. त्यांतल्या दोघांनी पुढे सगळा खेळ चालवला आणि जवळजवळ मोडलाही. एक निवृत्त बसचालक, त्यांना सगळे मामा म्हणत. बोलताना मध्येच ब्रेक दाबल्यासारखा पाय आपटायची त्यांना सवय होती. दुसऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका, मोठ्या बाई. त्या पहिल्याच बैठकीला गळ्यात शिट्टी अडकवून आल्या.

"शिट्टी कशाला हो बाई?" मामांनी विचारलं.

"कामाची वेळ झाली, थांबायची वेळ झाली, हे कळायला नको?"

"माझी बस घंटेवर चालायची. शिट्टीवर आपण नाही चालणार."

मंडळाचं नाव काय ठेवायचं यावर एक रविवार गेला. मोठ्या बाईंना संस्कृतात पाहिजे होतं, मामांना नावच नको होतं. शेवटी सगळे नुसतं "बागमंडळ" म्हणू लागले आणि तेच रुळलं. फुलं लावायची की भाजी, यावर आणखी दोन रविवार गेले. बाई म्हणाल्या, अभ्यासाच्या जागी प्रसन्न वाटावं म्हणून फुलं. मामा म्हणाले, प्रसन्न पोट भरल्यावर वाटतं. काकूंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि अर्धं अर्धं ठरवलं. दुकानात रोज दोन डोळ्यांचे दोन नंबर एका फ्रेममध्ये बसवायची सवय होती, ती इथे कामी आली.

खरी डोकेदुखी माणसं गोळा ठेवण्याची होती. मंगळवारी पाणी कोण घालणार, शुक्रवारी कोण, कुदळी परत कोण ठेवणार. काकू दुकानातून, एका कानाला फोन आणि दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाची फ्रेम धरून, एकेकाची मनधरणी करायच्या. कोणाची कंबर धरलेली, कोणाकडे पाहुणे. एका बाईंनी तर मांजर व्यालंय म्हणून पंधरा दिवस काढले. नव्याचे नऊ दिवस सरले आणि मोजकीच माणसं उरली. त्यात जमीन अशी की कुदळ मारली की ठण्णकन वाजायची. वखार पाडताना उरलेल्या विटा, चुना, काचा सगळं तिथेच गाडलं होतं. पहिली रोपं पिवळी पडून मेली. मग त्यांनी सगळा राडारोडा उपसून काढला, बाहेरून माती आणली, पाचोळा कुजवला. काकूंच्या तळहातांना आणि बोटांना घट्टे पडले. दुकानात उचलताना बारीक स्क्रू बोटांना जाणवेनासे झाले, आणि मालकांनी एकदा विचारलंही, "काकू, तुम्ही बाग करताय का खाण?"

आखणी करताना एक वाफा काकूंनी स्वतःसाठी ठेवून घेतला. वाचनालयाच्या शेवटच्या खिडकीखालचा.

मामांनी वर बघितलं, भिंतीकडे बघितलं. "इथे ऊन येत नाही, काकू. दुपारी घटकाभर येतं, तेही तिरकं. इथे काही धरणार नाही."

"बघू या तरी."

"अहो, बघायचं काय त्यात! भिंतीची सावली आहे."

"मामा, एक वाफा माझ्या मनासारखा राहू दे," काकू म्हणाल्या, आणि मामांनी पाय आपटून विषय सोडला.

त्या खिडकीच्या आत यजमान बसायचे. भेटीच्या दिवशी त्यांनी सहज सांगितलं होतं, शेवटच्या खिडकीपाशी माझी जागा आहे, वारा छान येतो. काकू खाली वाकून माती भुसभुशीत करायच्या आणि वरून पानं उलटल्याचा आवाज यायचा. खोकला यायचा. तो खोकला कोरडा की कफाचा, हे त्यांना खालून कळायचं. एकदा यजमानांनी बाहेर बघितलं, त्यांना काकू दिसल्या, त्यांनी मान हलवली. त्या दिवशी काकू घरी येताना बसमध्ये गुणगुणत होत्या.

त्या वाफ्यात टोमॅटो लावले, ते लांबुडके होऊन लवंडले. झेंडू लावला, त्याला कळ्याच आल्या नाहीत. पलीकडे मामांचा घेवडा काठ्यांवर चढून बसला होता, बाईंच्या फुलांवर फुलपाखरं येत होती, आणि काकूंचा वाफा मात्र रडक्या पोरासारखा. तरी त्या तिथून हलायला तयार नव्हत्या. आठवड्यातून एक दिवस यायच्या त्या तीन दिवस यायला लागल्या, दुकानाआधी, सकाळच्या वेळी. वाफ्याला तेवढं काम नव्हतंच. उकरलेलंच पुन्हा उकरायचं.

एका सकाळी त्या आल्या तर खिडकी बंद. दुसऱ्या खेपेलाही बंद. उकाड्याचे दिवस होते, बाकीच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या.

तिसऱ्या खेपेला अध्ययनगृहाचे व्यवस्थापक त्यांना गाठून म्हणाले, "काकू, तुमच्या मंडळाचं काम फारच छान चाललंय. फक्त एक विनंती आलीय. सकाळी वाचनालयाखाली काम नको. वाचणाऱ्यांचं चित्त विचलित होतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

व्यवस्थापक गोंधळले. सज्जन माणूस. "अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुमचे... आपल्या काकांनीच सांगितलं."

काकूंनी हातातली खुरपी पुसली, पिशवीत ठेवली, पुन्हा बाहेर काढली. मग त्या आवारातल्या धुण्याच्या दगडाकडे चालू लागल्या, कारण त्या वेळेला निवासी मंडळी आपापले कपडे धुवायला तिथे येतात हे त्यांना ठाऊक होतं. यजमान तिथेच होते. सदरा पिळत होते. घरी असताना त्यांनी कधी रुमालसुद्धा पिळला नव्हता.

"खिडकी तुम्ही बंद केलीत?"

यजमानांनी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. "अगं, तू खाली असलीस की मी एकाच ओळीवर अडकून बसतो. पुढे सरकतच नाही."

"मग?"

"मग म्हणजे? मी इथे कशासाठी आलोय?" त्यांनी सदऱ्याला आणखी एक पीळ दिला. "आणि तू कशासाठी येतेस? तुला बागेची आवड कधी होती?"

"नव्हती."

"मग?"

काकूंना वाटलं, आता नाही बोललं तर पुढे कधी बोलणं होणार नाही. "तुमच्यासाठी येते. तुमचा खोकला ऐकायला येते. कळलं?"

यजमानांच्या हातातल्या सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं. "पण तू तर हो म्हणाली होतीस."

"अहो, मी हो कुठे म्हणाले होते? मी नाही म्हणाले नव्हते, एवढंच. तुम्ही उठून बॅग काढायला लागलात."

यजमान दगडाच्या कडेवर बसले. "मी आचार्यांना सांगितलं, बायको मनापासून हो म्हणाली. मी त्यांना तसं सांगितलंय."

"ते तुम्ही सांगितलंत. मी नव्हतं सांगितलं."

काकूंना वाटलं होतं, मन मोकळं केल्यावर हलकं वाटेल. उलटच झालं. घरी येऊन त्या न जेवता आडव्या झाल्या. आपण हे काय करून बसलो, असं त्यांना दिवसभर होत राहिलं.

यजमान सरळ माणूस. त्यांनी त्याच दिवशी जाऊन आचार्यांना सगळं सांगितलं. आचार्यांनी दोघांना बोलावून घेतलं. खोलीत चटई होती, पण काकूंना गुडघ्यांचा त्रास होईल म्हणून आचार्यांनी स्वतः उठून खुर्ची ओढून दिली. आज ते गमती करत नव्हते.

"चूक माझीही आहे," आचार्य म्हणाले. "मी तुम्हाला स्वतः विचारायला हवं होतं. आता विचारतो. घाई नाही, आठवडाभर विचार करा. तुम्ही नाही म्हणालात तर हे घरी येतील. त्यांना कोणी दोष देणार नाही, तुम्हालाही देणार नाही."

दोष कोणी देणार नाही, असं फक्त आचार्यच म्हणू शकतात. अध्ययनगृहात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या रविवारी बागमंडळाच्या बैठकीत मोठ्या बाई उभ्या राहिल्या. शिट्टी वाजवली नाही, पण सूर तोच होता.

"मी स्पष्टच बोलते. आपण इथे सेवा म्हणून आलो. माझे गुडघे गेलेत, तरी मी विटा उचलल्या. आणि आज कळतंय की हे मंडळ मुळात सेवेसाठी काढलंच नव्हतं. नवऱ्यावर नजर ठेवायला काढलं होतं. आम्हाला वापरलं."

सगळे काकूंकडे बघू लागले. काकूंना खोटं बोलता आलं असतं, पण त्यांना खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"बाई म्हणतात ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "मला बागेचं काही पडलं नव्हतं."

मामांनी पाय आपटला. "अहो पण खड्डे तर खणले ना! तीस वर्षं बस चालवली मी. बसमध्ये कोण देवाला चाललंय, कोण दवाखान्यात, कोण कोणाला भेटायला, मी कधी विचारलं? तिकीट काढलं की झालं."

"ही बस नाही, मामा," बाई म्हणाल्या.

"तेच तर. बस असती तर एव्हाना पुढच्या थांब्यावर असती."

एकदोघं हसले, बाई हसल्या नाहीत. काकू उठल्या, कुदळींच्या खोलीची किल्ली बाकावर ठेवली आणि निघून गेल्या. कोणी अडवलं नाही. मामा अर्धवट उठले होते, ते पुन्हा बसले.

आठवडाभर लेकीचे रोज फोन. "आई, नाही म्हण. सरळ नाही म्हण. तुझा हक्क आहे." काकू ऐकून घ्यायच्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. नाही म्हटलं तर एका माणसाचं एवढं मोठं सुख आपल्या हाताने मोडायचं. हो म्हटलं तर उरलेलं आयुष्य त्या दोन खुर्च्यांपैकी एकीत एकट्याने बसायचं, आणि या वेळी ते आपण तोंडाने कबूल केलेलं असायचं. त्यांनी मनाशी अनेकदा उदार होऊन बघितलं. प्रत्येक वेळी ते उदारपण नाटकातल्या दागिन्यासारखं हलकं लागलं.

ठरलेल्या दिवशी त्या आचार्यांसमोर बसल्या. यजमान भिंतीकडे बघत होते.

"नाही," काकू म्हणाल्या. "माझं मन नाही. मला हे घरी हवेत."

आचार्यांनी मान डोलवली. यजमान उठले आणि बॅग भरायला गेले. या वेळी स्टूल लागलं नाही, बॅग खाटेखालीच होती.

माणूस घरी आला. पण जो आला तो पाहुणा होता. पहाटे उठायचा, अंथरूण घडी करून ठेवायचा, स्वतःचं ताट स्वतः धुवायचा, "मी काही मदत करू का?" असं विचारायचा. कधी एक चढा शब्द नाही, तक्रार नाही. काकूंना वाटायचं, याने एकदा तरी आदळआपट करावी. पण तो शांतपणे दार लावून घ्यायचा, कडीचाही आवाज होऊ न देता. संध्याकाळी दोघं बाल्कनीत बसायचे. आता दोन्ही खुर्च्या भरलेल्या असायच्या, आणि तरी काकूंना तिथे बसवत नसे. "तब्येत बरी ना?" त्या विचारायच्या. "बरी," ते म्हणायचे. उत्तम हा शब्द त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच.

अध्ययनगृहात जायचं काकूंनी बंद केलं होतं. लाज वाटायची. बसमध्ये त्या बाजूची पाटी दिसली तरी त्या तोंड फिरवायच्या. दोनेक महिने असेच गेले. मग एके दिवशी मामा दुकानात आले, हातात दांडी तुटलेला चष्मा.

"बसून तुटला," मामा म्हणाले. "म्हणजे मी बसलो त्याच्यावर."

काकू दांडी बघू लागल्या. मामा काउंटरवर कोपर टेकून बोलत राहिले. "मंडळाचं काही खरं नाही. बाईंनी कोणी किती वाजता यायचं, किती वेळ थांबायचं, सगळं ठरवून भिंतीवर लावलं. तीन माणसं पळाली. कोणाला फोन करून गोड बोलायचं म्हटलं तर बाईंना जमत नाही, मला तर त्याहून नाही. भाजीला माव्याची कीड लागलीय."

"बाई काय म्हणतात?"

"त्यांनीच पाठवलंय मला. स्वतः येणार नाहीत, मान मोडेल ना." मामांनी आवाज खाली आणला. "काल म्हणाल्या, त्या बाईला माणसं सांभाळता येतात. बाकी तिच्या मनात काय होतं ते तिचं तिला."

काकूंनी चष्मा जोडून मामांच्या नाकावर चढवला, दोन्ही बाजूंनी बघितलं. "सैल होतोय का?"

"चष्मा ठीक आहे. तुम्ही येताय का?"

पुढच्या रविवारी काकू गेल्या. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे न बघता किल्ली पुढे केली. काकूंनी ती घेतली. त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. काकूंनी पहिल्याच दिवशी खिडकीखालचा वाफा मोडला, त्यातली चांगली माती पाटीने वाहून पलीकडे उन्हात टाकली, आणि तिथे पालक पेरला. पालक आला. खास काही नव्हता, पण आला. तो बघून त्यांना आनंद झाला, आणि यजमानांना घरी ठेवून आपल्याला इथे आनंद होतोय हे त्यांना टोचत राहिलं.

यजमानही रविवारच्या प्रवचनाला यायला लागले होते, बाहेरच्या मंडळींत, मागच्या रांगेत. निवासी मंडळी पुढे बसत. पूर्वी ज्यांच्या पंगतीला जेवलो, त्यांच्या पाठी बघत बसायचं, हे त्यांना कसं वाटत असेल, ते काकूंनी विचारलं नाही. दोघं एकाच बसने जायचे. प्रवचन संपलं की यजमान काकूंसाठी थांबायचे नाहीत. काकू मातीने भरलेल्या पायांनी घरी यायच्या तेव्हा ते आधीच जेवून वाचत बसलेले असायचे.

आणि मग एका सकाळी भांडण झालं. कारण अगदीच क्षुल्लक. यजमान मोठ्याने वाचत होते आणि काकू नुसतं "जरा हळू" म्हणाल्या. त्यांनी ग्रंथ मिटून टेबलावर ठेवला.

"हळूच वाचतोय! आल्यापासून हळूच वाचतोय, हळूच चालतोय, हळूच जेवतोय. आणखी किती हळू?" त्यांचा आवाज इतका चढला की शेजारणीकडचा नळ बंद झाला. "मला तिथे बरं वाटत होतं! आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटत होतं. लहान मुलासारखी झोप लागायची मला तिथे."

"आणि मला इथे लागायची नाही!" काकूही ओरडल्या. "पहिल्यांदा म्हणजे? इतकी वर्षं माझ्याबरोबर काय वाटत होतं तुम्हाला?"

"ते मला माहीत नाही! ते मी कधी विचारलंच नाही स्वतःला."

दोघंही धापा टाकत उभे राहिले. चहा उतू जाऊन गॅस विझला होता. काकूंनी बटण बंद केलं आणि त्यांना रडू फुटलं. यजमानांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. पण ते निघूनही गेले नाहीत, ओट्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "तुला दोष देत नाही असं दाखवत होतो, ते खोटं होतं. देत होतो. रोज."

"मला माहीत होतं."

"अजूनही देतो."

"द्या," काकू म्हणाल्या. "पण असं तोंडाने द्या."

त्यांनी दोन कप विसळले, उरलासुरला चहा गाळला. अर्धा अर्धा कप निघाला. यजमान खाली बघत म्हणाले, "मी पुन्हा कधी विचारलं तर?"

"विचारा. पण या वेळी मी बोलेपर्यंत बसून राहा. उठू नका."

त्यानंतर घरात आवाज होऊ लागला. दार आपटायचं, दोनचार शब्द उडायचे, मग दुपारपर्यंत अबोला. लेक सुट्टीला आली तेव्हा घाबरलीच. "आई, तुमचं हे असं कधीपासून?" काकू म्हणाल्या, "थोडे दिवस झाले." हे बरं की वाईट, ते त्यांना सांगता आलं नाही. लेकीनेही मग विचारलं नाही.

बागमंडळ चालू आहे. मामा आणि मोठ्या बाई अजून भांडतात, माणसं अजून गळतात, काकू अजून दुकानातून फोन करून त्यांना परत आणतात. यजमानांनी अजून तो प्रश्न विचारलेला नाही. पण एखाद्या सकाळी ते कप खाली ठेवतात, घसा साफ करतात, आणि काकू हातातला कप तसाच धरून थांबतात. बहुतेक वेळा न्हाणीघरातल्या नळाचा वॉशर बदलायचा असतो.